छोटा धंदा कशाने वाढतो, कशाने अडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धंदा करणारे, करू पाहणारे, कर्ज देणारे आणि बचत गट चालवणारे लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. ‘छोटा धंदा’ म्हणजे एकट्या माणसापासून दहा-वीस माणसांपर्यंतचा. मोठ्या कारखान्याचा दाखला जिथे आला आहे, तिथे तसं सांगितलं आहे. विकसनशील भागांत गेल्या वीसएक वर्षांत या विषयावर बरेच प्रत्यक्ष प्रयोग झाले. काही धंद्यांना मदत द्यायची, तशाच दुसऱ्या काहींना द्यायची नाही, आणि वर्ष-दोन वर्षांनी दोघांचे हिशेब ताडून पाहायचे, अशी त्यांची पद्धत. उत्तरं शक्यतो त्यांच्या आधाराने दिली आहेत. जिथे मत माझं आहे, तिथे ‘माझ्या मते’ असं लिहिलं आहे.

१. छोटा धंदा अडतो तो नेमका कशामुळे? एक मोठं कारण सांगा.

सगळ्यांना लागू पडेल असं एक कारण नाही. पण एका धंद्यात एका वेळी एकच गाठ सगळ्यात घट्ट बसलेली असते, आणि ती सोडून दुसऱ्याच गाठीवर मेहनत केली तर पैसा आणि उमेद दोन्ही जातात. माल पडून राहतोय अशा माणसाने कर्ज काढलं तर आणखी माल पडून राहील. गिऱ्हाईक दारात येतं पण माल संपलेला असतो, अशा माणसाला हिशेबाचा वर्ग लावून काय उपयोग?

गाठ शोधायची सोपी रीत सांगतो. आठ दिवस एक वही गल्ल्याजवळ ठेवा. जे गिऱ्हाईक काही न घेता परत गेलं त्याची एक ओळ लिहा: माल नव्हता, भाव पटला नाही, उधार मागत होता, वेळेत काम होणार नव्हतं, सुटे नव्हते. ‘सुटे नव्हते’ हे कारण क्षुल्लक वाटतं. केनियात छोट्या दुकानदारांच्या पाहणीत दिसलं की सुट्या पैशांअभावी त्यांची बरीच विक्री हातची जात होती. संशोधकांनी काहीही दिलं नाही, फक्त दर आठवड्याला येऊन ‘सुट्यांअभावी किती विक्री गेली’ एवढं विचारत राहिले. तेवढ्यानेच दुकानदार जास्त सुटे बाळगू लागले आणि नुकसान घटलं. त्यांना हे कळत नव्हतं असं नाही, त्यांनी ते कधी मोजलं नव्हतं.

२. भांडवल मिळालं की धंदा वाढतोच ना?

अगदी छोट्या धंद्यात बऱ्याचदा वाढतो. २००५ मध्ये श्रीलंकेत शेकडो छोटे धंदेवाले निवडून, त्यांतल्या काहींना चिठ्ठ्या टाकून साधारण १०० किंवा २०० डॉलरची मदत दिली गेली. ती परत करायची नव्हती. या भांडवलावर मिळालेला सरासरी परतावा महिन्याला ५ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे वर्षाला ५५ ते ६३ टक्के. बाजारातल्या व्याजापेक्षा हा कितीतरी जास्त. असे धंदे भांडवलाला किती भुकेले असतात हे त्यातून कळतं.

मोठी रक्कमही कामी येऊ शकते. नायजेरियात २०११ मध्ये सरकारने धंद्याच्या आराखड्यांची स्पर्धा घेतली आणि सुमारे १,२०० विजेत्यांना सरासरी ५०,००० डॉलरच्या जवळपास रक्कम टप्प्याटप्प्याने दिली. तीन वर्षांनी पाहिलं तर, नव्याने धंदा सुरू करू पाहणाऱ्यांमध्ये ज्यांना पैसे मिळाले त्यांचे धंदे चालू असण्याचं प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा शंभरामागे ३७ ने जास्त होतं. दहाहून जास्त माणसं कामाला ठेवणारेही त्यांच्यात बरेच जास्त निघाले.

यात दोन गोष्टी विसरू नका. हे पैसे अनुदान होते, कर्ज नव्हतं (प्रश्न ३). आणि हे आकडे सरासरीचे आहेत. श्रीलंकेतल्या बायकांच्या धंद्यांत सरासरी वाढ दिसलीच नाही, त्याचं कारण प्रश्न १३ मध्ये दिलं आहे.

३. मग मायक्रोफायनान्सचं कर्ज घेऊन तेवढाच फायदा का होत नाही?

कारण त्या कर्जाची घडणच वेगळी आहे. २०१५ मध्ये बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को अशा सहा देशांतल्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. सगळीकडे चित्र सारखंच होतं. कर्ज मिळाल्याने लोकांचं बुडालं नाही, थोडाफार फायदा झाला, धंद्यात जरा हालचाल वाढली, पण गरिबीतून बाहेर पडण्याइतकी कमाई सरासरीने वाढली नाही.

हप्त्यांचं वेळापत्रक पाहा. पारंपरिक पद्धतीत कर्ज घेतल्यावर दोन आठवड्यांत पहिला हप्ता येतो. ज्या कामात पैसा गुंतवून तीन महिन्यांनी फळ येणार आहे, त्यात हा पैसा घालायला कोण धजेल? माणूस असा माल घेतो जो आठ दिवसांत विकला जाईल, आणि काही रक्कम हप्त्यांसाठी बाजूलाच ठेवतो. कोलकात्यात काही कर्जदारांना पहिल्या हप्त्याआधी दोन महिन्यांची सवड दिली गेली. त्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि तीनेक वर्षांनीही त्यांचा नफा इतरांपेक्षा जास्त होता. मात्र त्यांच्यात कर्ज थकवणाऱ्यांचं प्रमाणही तिपटीहून वाढलं. सवडीमुळे काहींनी मोठी उडी मारली, काही जण पडले. संस्था अशी सवड का देत नाहीत, ते यावरून समजतं.

आणखी एक बारकावा. वरच्या सहांपैकी भारतातला अभ्यास हैदराबादच्या वस्त्यांमधला होता. तो पुढे वाढवला तेव्हा दिसलं की ज्यांचा धंदा कर्ज यायच्या आधीपासून चालू होता, त्यांना टिकाऊ फायदा झाला. कर्ज मिळतंय म्हणून ज्यांनी धंदा काढला, त्यांना फारसा नाही. तुम्ही या दुसऱ्या गटात असाल तर कर्जाच्या आधी निदान सहा महिने तोच धंदा लहान प्रमाणात, स्वतःच्या बचतीवर करून पाहा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

४. मदत रोख द्यावी की वस्तूच्या रूपात?

घानामध्ये दोन्ही करून पाहिलं गेलं. माल किंवा अवजारं घेऊन दिली तिथे नफा वाढला, रोख दिली तिथे कमी. रोख घरखर्चात वाहून जाते, शिवणयंत्र तसं जात नाही. पण ज्या बायकांचा धंदा मुळात फारच लहान होता, त्यांना दोन्हींपैकी कशाचाच उपयोग झाला नाही.

५. वहीत नफा दिसतो, हातात मात्र पैसा राहत नाही. असं कसं?

मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि छोटे धंदे तोट्यापेक्षा रोकड संपल्यामुळे जास्त कोसळतात, असं माझं मत आहे.

साधा हिशेब मांडू. महिन्याला ८० चा माल घेता आणि १०० ला विकता. माल आला त्याच दिवशी विकला गेला असं धरा. पुरवठादार १५ दिवसांनी पैसे मागतो. तुमचा घेणारा ६० दिवसांनी देतो. मधले ४५ दिवस, म्हणजे दीड महिना, खर्च तुमच्या खिशातून. दीड महिन्याचा खरेदीखर्च १२०. महिन्याचा नफा २०, म्हणजे सहा महिन्यांचा नफा कायम दुसऱ्याच्या दारात अडकलेला. आता ऑर्डर दुप्पट झाली असं समजा. अडकलेली रक्कम २४० होईल. ऑर्डर वाढली म्हणून आनंदात असलेला माणूस दोन महिन्यांत सावकाराच्या दारात उभा असतो तो यामुळे. तो आळशी नसतो आणि उधळ्याही नसतो.

उशिरा पैसे देण्याविरुद्ध कायदे आहेत. भारतात २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. युरोपीय संघानेही २०११ मध्ये ६० दिवसांची मर्यादा घातली, तिथे दोघांनी स्पष्ट वेगळं ठरवलं तर सूट आहे. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर जाते, या भीतीने लहान पुरवठादार गप्प बसतो. कायदा असून तो वापरता न येणं, ही मोठी अन्यायाची गोष्ट आहे.

तोवर तुमच्या हातात जे आहे ते करा. मोठ्या कामाला आगाऊ रक्कम मागा, निदान कच्च्या मालापुरती. लवकर पैसे देणाऱ्याला थोडी सूट द्या. पुरवठादाराकडून मुदत वाढवून घ्या, कारण भाव कमी करून मिळण्यापेक्षा मुदत वाढून मिळणं बऱ्याचदा जास्त कामाचं ठरतं. आणि दर आठवड्याला एक ठरलेला दिवस फक्त वसुलीचा ठेवा: कोणाकडे किती, किती दिवसांपासून. ही यादी पाठ असणारा माणूस आणि नसणारा माणूस, दोघांची उधारी वेगवेगळ्या वेगाने वसूल होते.

६. घरचा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवा असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय करायचं?

दोन डबे ठेवा. खरोखरच, एवढंच. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या कर्जदारांचे दोन गट करून एकाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं, दुसऱ्याला थोडेच ठोकताळे दिले. त्यातला मुख्य ठोकताळा असा, की धंद्याचे पैसे एका खणात, घरचे दुसऱ्या खणात. आणि एकातून दुसऱ्यात पैसे न्यायचे तर चिठ्ठी लिहून ठेवायची. ठोकताळे शिकलेल्यांची हिशेबाची पद्धत सुधारली. पूर्ण शास्त्र शिकलेल्यांमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही.

माझी एक पुरवणी: स्वतःला ठरलेला पगार घ्या, कितीही लहान असो. त्याशिवाय धंदा खरंच कमावतोय की तुमच्या फुकट कष्टांवर चालतोय, हे कळत नाही (प्रश्न १७).

७. चार पैसे जमले की नातेवाईक मागायला येतात. नाही म्हणता येत नाही. काय करावं?

तुम्ही एकटे नाही. केनियाच्या ग्रामीण भागात एका प्रयोगात काही बायकांनी आपली कमाई नातलगांना दिसू नये म्हणून कमी फायद्याचा पर्याय पत्करला. लपवता यावं म्हणून त्यांनी थोडं नुकसान सोसलं. ज्यांचे नातेवाईक तिथे हजर होते, त्यांच्यात हे जास्त दिसलं.

पण याला फक्त जाच समजू नका. आजारपणात तेच नातेवाईक धावून येतात, त्यामुळे दार कायमचं बंद करणं शहाणपणाचं नाही. मागणारा आला त्या क्षणी पैसा हातात नसावा, एवढी व्यवस्था हवी. केनियातच बाजारात विक्री करणाऱ्या बायकांना साधी बचत खाती उघडून दिली गेली. त्या खात्यावर व्याज नव्हतं, उलट पैसे काढायला शुल्क पडत होतं. तरी ज्यांनी ती वापरली, त्यांची धंद्यातली गुंतवणूक बरीच वाढली. सायकलवरून प्रवासी नेणाऱ्या पुरुषांवर मात्र अशा खात्यांचा परिणाम दिसला नाही. भिशीसुद्धा हेच काम करते: ‘माझा हप्ता भरायचाय’ हे कारण सगळ्यांना मान्य असतं.

८. प्रशिक्षणाने नफा वाढतो का, की नुसती प्रमाणपत्रं मिळतात?

काय शिकवलं जातं त्यावर आहे. टोगोची राजधानी लोमे इथे १,५०० छोट्या धंदेवाल्यांचे तीन गट केले. एकाला नेहमीचं प्रशिक्षण मिळालं: हिशेब, विपणन, नियोजन. दुसऱ्याला स्वतःहून पाऊल उचलायचं शिकवलं: गिऱ्हाईक मागेल त्याआधी ओळखणं, दुसऱ्यापेक्षा वेगळं काही देणं, अडचण आली तरी नेटाने पुढे जाणं. तिसऱ्याला काहीच नाही. पुढच्या दोन वर्षांत दुसऱ्या गटाचा नफा तिसऱ्या गटापेक्षा ३० टक्क्यांनी जास्त होता. नेहमीच्या प्रशिक्षणाची वाढ ११ टक्के दिसली, पण ती योगायोगाचीही असू शकेल इतकी कच्ची होती. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ हिशेब निरुपयोगी असा मुळीच नाही. बांगलादेश, चिली, घाना, केनिया, मेक्सिको, नायजेरिया आणि श्रीलंका या सात देशांत छोट्या धंद्यांना २६ सवयींबद्दल विचारलं गेलं: स्पर्धकाचे भाव पाहता का, कोणत्या वस्तूवर किती सुटतं ते माहीत आहे का, माल संपतो का, पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट ठरवता का. ज्यांच्या सवयी चांगल्या, त्यांची विक्रीही जास्त आणि टिकून राहायचं प्रमाणही जास्त.

वर्गापेक्षा शेजारी बसून दिलेला सल्ला जास्त मुरतो. मेक्सिकोतल्या प्वेब्ला इथे ४३२ लहान-मध्यम धंद्यांपैकी काहींना वर्षभर आठवड्याला चार तास सल्लागार मिळाला. पाच वर्षांनीही त्या धंद्यांत कामाला माणसं जास्त होती.

९. व्यवस्थापन वगैरे मोठ्यांचे विषय आहेत. आमच्या चार माणसांत त्याचं काय काम?

पुरावा मोठ्या जागेचा आहे, शिकवण लहान जागेलाही लागते. २००८ पासून मुंबईच्या उत्तरेला तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड कारखान्यांत एक प्रयोग झाला. हे कारखाने शेकडो कामगारांचे होते. सल्लागार गेले तेव्हा काही ठिकाणी सूत खुणेविना ढीग लावून ठेवलेलं, अवजारं वाटेत पडलेली, कापडात कुठला दोष कोणत्या मागावर येतो याची नोंद नाही. त्यांनी नवं यंत्र आणलं नाही. दोषांची रोज नोंद, यंत्रांची ठरलेली देखभाल, सुताला चिठ्ठी आणि जागा, सकाळची दहा मिनिटांची चर्चा, अशा ३८ साध्या गोष्टी होत्या. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मालकांनी हे आधी का केलं नव्हतं? बऱ्याच गोष्टी माहीत नव्हत्या, आणि ज्या माहीत होत्या त्यांनी काही फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

मला त्यातली एक वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. कारखाना किती मोठा होणार, हे मालकाच्या घरात पुरुष माणसं किती यावरून बऱ्यापैकी सांगता येत होतं. बाहेरच्या माणसावर किल्ली सोपवायचा विश्वास नाही, म्हणून जितके भाऊ-मुलगे तितकाच विस्तार. छोट्या धंद्यातही हेच घडतं. मालक आजारी पडला की शटर खाली. विश्वास मनातून आपोआप येत नाही, तो नोंदींमधून येतो. माल किती आला, किती गेला हे वहीत असेल तर दुसऱ्याच्या हाती गल्ला देता येतो.

१०. नवं साधन आणलं, पण कारागीर ते वापरतच नाहीत. अडाणीपणा म्हणायचा का?

नाही. आधी त्यांच्या मजुरीचा हिशेब पाहा.

पाकिस्तानातलं सियालकोट हाताने शिवलेल्या फुटबॉलसाठी जगात प्रसिद्ध आहे. चेंडूवरचे पंचकोनी आणि षट्कोनी तुकडे रेक्झीनच्या तावातून साच्याने कापले जातात. संशोधकांनी साच्यांची अशी मांडणी शोधली की पंचकोन जास्त दाटीने बसतात आणि तेवढ्याच तावातून जास्त तुकडे निघतात. कच्चा माल वाचणार हे उघड दिसत होतं. नवे साचे कारखान्यांना फुकट दिले, तरी सव्वा वर्षात फारच थोड्यांनी वापरले.

कारण असं होतं. कापणाऱ्याला मजुरी नगावर मिळत होती. नव्या साच्याने सुरुवातीला हात मंदावतो, म्हणजे दिवसाची कमाई घटते. वाचलेल्या रेक्झीनचा फायदा मालकाला आणि कमी मजुरीचा फटका कारागिराला. मग कारागीर मालकाला सांगतो, ‘हे साचे बरोबर नाहीत.’ मालक स्वतः कापत नाही, तो मान डोलावतो. पुढे काही कारखान्यांत कापणाऱ्याला आणि छपाई करणाऱ्याला सांगितलं गेलं, की नवी पद्धत मालकासमोर नीट करून दाखवलीत तर जवळपास महिन्याभराच्या मजुरीएवढी रक्कम मिळेल. तिथे नवे साचे वापरात येण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं.

तेव्हा नवं साधन आणण्याआधी विचारा: याने कोणाची कमाई कमी होते? शिकण्याच्या काळात नगाऐवजी रोजंदारी द्या. बचतीतला वाटा ठरवून द्या आणि तो आधी बोलून ठेवा.

११. नोंदणी करावी की नाही?

गरज पडली की करावी, नुसती भीती वाटते म्हणून नको. १९८३ मध्ये पेरूच्या लिमा शहरात अर्थतज्ज्ञ हर्नांदो द सोतो यांच्या चमूने छोट्या शिवणकारखान्याची रीतसर नोंदणी करून पाहिली. रोज सहा तास खपूनही २८९ दिवस लागले. तेव्हापासून ‘कागद कमी करा, सगळे नोंदणी करतील’ असं म्हटलं जातं. कागद कमी व्हायलाच हवेत. पण श्रीलंकेत नोंदणीची माहिती देऊन शुल्कही परत द्यायची तयारी दाखवली, तरी लोक गेले नाहीत. अर्ध्या ते एका महिन्याच्या नफ्याएवढी रक्कम देऊ केली तेव्हा पाचातला एक गेला, दोन महिन्यांच्या नफ्याएवढी दिली तेव्हा निम्मे. नोंदणीनंतर बहुतेकांच्या नफ्यात फरक पडला नाही, थोड्यांचा मात्र बराच वाढला.

मोठा खरेदीदार पक्की पावती मागत असेल, बँकेचं कर्ज हवं असेल, निविदा भरायची असेल किंवा जागेवरून हुसकावलं जाण्याची धास्ती असेल, तर नोंदणीचे पैसे वसूल होतात.

१२. वीज, रस्ता, फोन: यातलं सगळ्यात जास्त काय लागतं?

विजेची झळ लहानाला मोठ्यापेक्षा जास्त बसते. भारतातल्या कारखान्यांच्या अभ्यासात तुटवड्यामुळे सरासरी उत्पन्न ५ ते १० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. मोठा कारखाना जनरेटर लावतो, लहानाला तो परवडत नाही.

फोनचा सगळ्यात सुरेख दाखला केरळच्या मच्छीमारांचा आहे. १९९७ ते २००१ या काळात किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल पोहोचला. त्याआधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून द्यायची आणि जवळच्याच बंदरावर मासळीच नाही, असं होत होतं. पकडलेल्या मासळीपैकी ५ ते ८ टक्के वाया जात होती. फोन आल्यावर नावेतूनच भाव विचारून बंदर ठरवता येऊ लागलं. नासाडी जवळजवळ संपली, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि घेणाऱ्यांना भाव ४ टक्क्यांनी कमी पडला. विकणारा आणि घेणारा दोघांचंही भलं झालं, असं क्वचितच दिसतं. केनियात २००७ मध्ये एम-पेसा आल्यावर फोनवरून पैसे पाठवता येऊ लागले आणि त्यानंतर पुष्कळ बायका शेतीतून धंद्याकडे वळल्या.

रस्त्याबद्दल मात्र अपेक्षा बेतानेच ठेवा. भारतात २००० पासून ग्रामसडक योजनेत बांधलेल्या रस्त्यांचा अभ्यास सांगतो, की लोक शेती सोडून बाहेरच्या कामाला जाऊ लागले, पण गावातल्या धंद्यांतला रोजगार थोडासाच वाढला. रस्त्याने तुमचा माल बाहेर जातो, तसा बाहेरचा मालही आत येतो.

१३. बायकांच्या धंद्याला मदत दिली तरी नफा वाढत नाही, असं वाचलं. खरं आहे का?

आकडा खरा, निष्कर्ष चुकीचा. श्रीलंकेत आणि घानात बायकांच्या धंद्यांत सरासरी वाढ कमी किंवा नाहीच, असं दिसलं होतं. काहींनी ‘बायकांना धंदा जमत नाही’ असा अर्थ काढला. २०१९ मध्ये भारत, श्रीलंका आणि घाना इथली माहिती पुन्हा तपासली गेली, आणि कारण घरात सापडलं. ज्या घरात नवऱ्याचाही धंदा होता, तिथे बाईला मिळालेला पैसा त्याच्या धंद्यात गेला. ज्या घरात धंदा करणारी ती एकटीच होती, तिथे तिचा नफा चांगला वाढला.

म्हणून मदत देणाऱ्यांनी पैसा कोणाच्या नावावर दिला एवढंच पाहू नये. तो घरात कुठे जातो आणि तिच्या हाती कसा राहील, हेही पाहावं. बचतीचं स्वतंत्र खातं (प्रश्न ७) आणि वस्तूरूप मदत (प्रश्न ४) यांचा इथे उपयोग होऊ शकतो, पण घानाचा अनुभव सांगतो की सगळ्यांना नाही.

१४. इतर धंदेवाल्यांशी मोकळेपणाने बोलावं का? आपलं गुपित जाईल ना?

बोलावं, फक्त गट नीट निवडावा. चीनच्या नानचांग शहरात २,८०० तरुण कंपन्यांपैकी काहींच्या चालकांना दहा-दहाच्या गटात वर्षभर दर महिन्याला भेटवलं. त्यांची विक्री इतरांपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी वाढली. पुरवठादारांची ओळख, चांगल्या सवयी, कर्जाची माहिती गटातून फिरली. थेट स्पर्धक असलेल्या गटात मात्र लोक माहिती राखून ठेवत होते. तुमच्याच रस्त्यावरचा, तुमच्याच वस्तूचा विक्रेता वगळा. बाकीच्यांकडून शिकण्यासारखं पुष्कळ असतं.

१५. बाहेरच्या बाजाराला माल द्यावा का? आमचा दर्जा तेवढा नाही.

दर्जा आधी आणि ऑर्डर नंतर, असा क्रम प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटा असतो. इजिप्तमधल्या फोवा गावात गालिचे विणणाऱ्या छोट्या धंद्यांपैकी काहींना चिठ्ठीने परदेशी ऑर्डरी मिळवून दिल्या. त्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढला. मग सगळ्यांना एकच नमुना विणायला दिला, तेव्हा परदेशी ऑर्डरी केलेल्यांचा गालिचा सरस निघाला, आणि त्यांना वेळही जास्त लागला नाही. कोपरा कुठे वाकडा आला, रंग कुठे फिका पडला, हे सांगणारा चोखंदळ घेणारा हाच त्यांचा शिक्षक ठरला होता. अशा ऑर्डरीत पैसे उशिरा येतात, तेव्हा प्रश्न ५ वाचूनच हो म्हणा.

१६. काही वस्तू फक्त छोट्यांनीच बनवाव्यात असा नियम केला तर छोटे वाचतील का?

भारताने हे १९६७ पासून करून पाहिलं. एके काळी ८०० हून जास्त वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव होत्या. हळूहळू त्या मोकळ्या केल्या आणि २०१५ मध्ये यादी संपली. वस्तू मोकळ्या झाल्यावर, ज्या जिल्ह्यांत अशा वस्तूंचं उत्पादन जास्त होतं तिथे रोजगार वाढला, घटला नाही. काही जुने लहान कारखाने आक्रसले, पण नव्याने आलेल्यांनी आणि वाढू शकणाऱ्यांनी जास्त माणसं घेतली.

माझा आक्षेप मदतीला नाही, ती ज्या रेषेवर तुटते त्या रेषेला आहे. विसावा माणूस ठेवला की सवलत गेली, असा नियम असेल तर माणूस एकोणिसावर थांबतो किंवा एकाच छपराखाली दोन नावं लावतो. सवलत टप्प्याटप्प्याने कमी होत गेली तर वाढायची भीती वाटत नाही.

१७. वीस वर्षं झाली, धंदा तेवढाच आहे. बंद करावा का?

न वाढणं हे एकट्याचं अपयश नाही. अमेरिकेत ४० वर्षांचा सरासरी कारखाना नव्या कारखान्याच्या सातपटीहून जास्त माणसं ठेवतो. मेक्सिकोत ही वाढ दुप्पट आहे. भारतात टिकून राहिलेले कारखानेसुद्धा जवळपास तेवढेच राहतात. चार दशकं खपून धंदा वाढत नाही, याचा अर्थ वाढीची वाटच अडलेली आहे. शिवाय बरेच जण धंद्यात आलेत ते नोकरी नव्हती म्हणून. त्यांना विस्तार नको असतो, महिन्याची खात्री हवी असते. ती इच्छाही तितकीच मानाची आहे.

धंदे बंद पडणंही नेहमीचंच आहे. बारा विकसनशील देशांतल्या नोंदी पाहिल्या तर पहिल्या पाच वर्षांत दरवर्षी साधारण ८ टक्के छोटे धंदे बंद होतात.

निर्णयासाठी एक हिशेब करा. वर्षाच्या नफ्यातून स्वतःची मजुरी वजा करा, म्हणजे हेच तास दुसऱ्याकडे काम केलं असतं तर जे मिळालं असतं ते. घरातलं कोणी फुकट राबत असेल तर त्यांचीही करा. स्वतःच्या जागेचं भाडं आणि गुंतवलेल्या पैशाचं व्याज वजा करा. उरलं तर धंदा कमावतोय, लहान असला तरी. सलग दोन वर्षं काहीच उरलं नाही, तर प्रश्न १ मधली वही काढून गाठ शोधा आणि तिच्यावर सहा महिने काम करा. त्यानंतरही आकडा हलला नाही, तर नवी उधारी बंद करा, येणं वसूल करा, माल संपवा, देणी चुकवा, आणि अवजारं शेवटी विका, कारण दुसऱ्या कामात तीच लागतात.